चाळणीवरची कॉफी

३ नोव्हेंबर २००३

मार्कोसर ठेवून गेले होते त्या कॉफीचा शेवटचा डबा आज संपला. डबा उलटा करून ठोकला तेव्हा तळाची अर्धा चमचा निघाली, अगदी मैद्यासारखी. इतक्या भारी डब्यात इतकी भुकटी कशी, असं मला पहिल्यापासून वाटायचं. परदेशातही भेसळ होत असेल.

सर इटलीचे. गेल्या वर्षी खोडदच्या दुर्बिणीवर कामाला आले आणि पावसाळा संपेपर्यंत आमच्या माडीवर राहिले. जाताना त्यांचं कॉफीचं मशीन इथंच ठेवलं. म्हणाले, मला तिकडे दुसरं मिळेल, इथे येणाऱ्याला मिळणार नाही. मशीन भाकरीच्या डब्याएवढं आहे. त्याला एक दांडी, दांडीच्या टोकाला बारीक भोकांची वाटी. वाटीत पावडर भरायची, दाबायची, दांडी मशीनला अडकवायची आणि बटण दाबायचं. आतला पंप गरम पाणी पावडरीतून ढकलतो आणि खाली कपात कॉफी पडते. सरांच्या हातून तिची धार उंदराच्या शेपटीएवढी बारीक आणि सावकाश पडायची. उंदराची शेपटी हे त्यांचंच म्हणणं. मला ते किळसवाणं वाटायचं, पण बोलले नाही.

दिवाळीत अण्णांनी सांगितलं, की आळेफाट्याचा खतवाला माडीवरच्या दोन्ही खोल्या गोडाऊनसाठी मागतोय. संक्रांतीपर्यंत मला पाहुणे मिळाले तर खोल्या माझ्या हातात राहतील, नाहीतर तिथं पोती लागतील. अण्णा वाईट बोलले नाहीत. वडील म्हणून जे सांगायचं ते सांगितलं. पण बी.ए. झाल्यापासून मी काय करते असं कोणी विचारलं, तर सांगण्यासारखं माझ्याकडे त्या दोन खोल्यांशिवाय काही नाही.

हे लिहून ठेवते, कारण ठकूआत्यानं मला तसं शिकवलं. धाकट्याच्या वेळी आई खूप आजारी पडली, तेव्हा मला घोडेगावच्या पलीकडे डोंगरात आत्याकडे ठेवलं होतं. तिथली शाळा पावसात बंदच असायची, म्हणून चौथीपर्यंत आत्यानंच घरी शिकवलं. अक्षर, पाढे, निवडणं, पाखडणं, चाळणं, सगळं एकाच ओसरीवर. लिहिण्याबद्दल तिचा नियम होता : घडलं ते आधी लिही, वाटलं ते मागनं. ती म्हणायची, बहुतेक वेळा मागनं लिहायची गरजच राहत नाही.

७ नोव्हेंबर

पुण्याहून एसटीनं पार्सल आलं. तयार पावडर मागवायची नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून भाजलेल्या बिया मागवल्या. पाहुण्याला द्यायची वस्तू आपल्या हातची असावी.

परातीत पसरून बिया निवडल्या, फुटक्या काढल्या. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थोड्या थोड्या फिरवल्या. मग चाळल्या. आत्या शिऱ्यासाठी गहू भरडायची तेव्हा असंच चाळायची : पीठ चाळणीखाली जायचं आणि वर स्वच्छ, एकसारखा रवा राहायचा. कॉफीचाही रवा छान निघाला, दाणा न् दाणा वेगळा. खालची भुकटी पितळी डब्यात भरली. गुलाबाला घालीन. टाकून द्यायला मन होत नाही.

मशीन लावलं. बटण दाबल्याबरोबर कॉफी नळ सोडल्यासारखी आली आणि कप भरला. रंग फिक्या चहाचा, वर फेस नाही, चव आंबूस पाण्याची. आईनं एक घोट घेतला आणि म्हणाली, काढा म्हणून बरा आहे.

१० नोव्हेंबर

पावडर जास्त घालून पाहिली. दाबायला सरांचा प्लास्टिकचा ठोकळा हलका पडत असेल, म्हणून खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि सगळं अंग घालून दाबलं. दांडी बसेना. बसवली ती निघेना. निघाली तेव्हा अर्धी पावडर माझ्या ओढणीवर. कॉफी तशीच.

कितीही दाबलं तरी दाण्यांमधली जागा जात नाही, मुठीत वाळू दाबावी तसं होतं. हे नुसतं नोंदवून ठेवते.

मशीनचं माहितीपुस्तक इटालियनमध्ये आहे. एका पानावर जाड धारेचं चित्र आहे, त्याच्याशेजारी मोठे ठिपके, आणि तिथून लहान लहान ठिपक्यांकडे जाणारा बाण. बहुतेक पाण्याचे थेंब दाखवलेत. म्हणजे दोष पाण्याच्या दाबात असणार.

१५ नोव्हेंबर

पुण्याहून तेजस्विनीमॅडमचा फोन आला. बाहेरून दुर्बिणीवर येणाऱ्या शास्त्रज्ञांची राहण्याची सोय त्या बघतात. जानेवारीत एक गट येणार आहे आणि उन्हाळ्यापर्यंत राहणार आहे. मार्कोसरांनी त्यांना आमचं घर सुचवलंय आणि कॉफीचंही सांगितलंय. मॅडम म्हणाल्या, "ही मंडळी लहान खोली चालवून घेतात, पंखा नसला तरी चालवून घेतात. कॉफीवरून मात्र घर बदलतात." डिसेंबरच्या शेवटी त्या बघायला येतील.

मी म्हणाले, हो, कॉफी मिळते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे पूर्ण खरं नाही. परत फोन लावून तसं सांगावं का, असा विचार संध्याकाळपर्यंत चालला होता. शेवटी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "कॉफी मिळती का न्हाई? मिळती. चांगली मिळती असं कुठं म्हनलीस तू."

तरी बरं वाटलं नाही.

१९ नोव्हेंबर

मशीन बघायला संपत नावाचा कारागीर आला होता. त्याचं आळेफाट्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. अण्णा विहिरीवरची मोटर आणायला गेले होते, तेव्हा त्यांनी सहज विचारलं. मशीन घेऊन या म्हणेल असं वाटलं होतं, पण म्हणाला, मीच येऊन बघतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. दुरुस्तीच्या कामाला पांढरा शर्ट घालणं मला पटलं नाही.

तो येण्याआधी मी मशीनच्या चारही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. अण्णा मोटर दुरुस्तीला देताना बोल्टांवर असाच ऑइलपेंटचा ठिपका देतात. कोणी खोललं तर ठिपका तुटतो आणि कळतं. संशय म्हणून नाही, घरची रीत म्हणून दिला.

त्यानं बटण दाबून कान लावला. पंप बरा आहे म्हणाला. मी केलेली कॉफी दिली, ती सगळी प्यायला आणि चांगली झालीय म्हणाला. यावरून त्याला कॉफीतलं काही कळत नाही हे दिसतं. त्याच्या मते आमच्याकडे लाइटच कमी दाबानं येते. स्टॅबिलायझर आणून देईन म्हणाला.

निघताना म्हणाला की नारायणगावच्या कॉलेजला जाताना एसटीत त्यानं मला पाहिलेलं आहे. मला आठवत नाही. मी पुस्तक वाचत असायचे.

त्याला बोलण्याची रीत नाही. गावातले लहानमोठे सगळे मला इंदूताई म्हणतात. हा काहीच म्हणत नाही. आधी खोकतो आणि मग एकदम बोलायला लागतो.

२४ नोव्हेंबर

स्टॅबिलायझर लावला. काटा जिथं असायला हवा तिथं आला. कॉफी पातळच. संपतनं तीही प्यायली.

२ डिसेंबर

मिक्सरवर शंका आली. पातं गरम होतं आणि दाणा सारखा होत नाही. म्हणून बियांची नवी पिशवी घेऊन गिरणीवर गेले. गेणभाऊ आधी नको म्हणत होते, मग बाजरीचं दळण संपल्यावर दगड झाडून त्यांनी बिया घातल्या. सगळी गिरणी वासानं भरली. रांगेतल्या बायका म्हणाल्या, काय जळतंय का बघा.

घरी येऊन चाळली आणि रडू आलं. चाळणीवर चिमूटभर राहिली, बाकी सगळी खाली गेली. पूर्ण पिशवी भुकटी. परत जाऊन गेणभाऊंना दाखवलं. ते म्हणाले, "इंदूताई, तुमी दळन आनलं का भरडा? दळन म्हनलं की मी दळनार." त्यांची चूक नाही. मीच सांगायला हवं होतं.

त्या भुकटीला बाजरीचाही वास होता. सगळी गुलाबाच्या आळ्यात घातली. पुण्याला परत पार्सल सांगितलं.

६ डिसेंबर

संपत न बोलावता आला. आळेफाट्याहून खोडदला कुणाची तरी मोटर बघायला निघाला होता. खोडदला कुणाची, ते अण्णांनी विचारलं तर नाव आठवेना. मशीनच्या आतला रबरी वायसर गेला असेल म्हणाला. वायसरमधून दाब निसटतो आणि पाणी धडधड येतं. हे मला पटलं. मशीन गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलला बांधून घेऊन गेला.

९ डिसेंबर

मशीन आणून दिलं. इतकं पुसलेलं की त्यात माझं तोंड दिसत होतं. वायसर बदलला म्हणाला. करून पाहिली. तसूभर फरक नाही. तो म्हणाला, आता जरा घट्ट वाटती. मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, नाय का.

तो गेल्यावर अण्णा आईला म्हणाले, "आपली मोटर पंधरा दिस पडली व्हती त्याच्या दारात. ऊस वाळत व्हता, मी रोज फोन करतोय, त्याला येळ नाय. आन् हे डबडं घ्यायला-द्यायला घरी येतोय." आई हसली. मी सांगितलं की मशीन परदेशी आहे, कारागिराला कुतूहल असणारच. अण्णा म्हणाले, "व्हय. कुतूहलच म्हनायचं."

१७ डिसेंबर

संपतचं आता म्हणणं आहे की बोअरच्या पाण्यातले क्षार साठलेत. लिंबूसत्त्व घेऊन आला. ते पाण्यात विरघळवून मशीनमधून सोडलं, मग साध्या पाण्यानं धुतलं. यात बराच वेळ गेला. मधल्या वेळात काय बोलायचं हे मला कळेना, म्हणून खोल्यांचं सगळं सांगितलं : खतवाला, संक्रांत, मॅडम. बाहेरच्या माणसाला घरचं सांगायला नको होतं. त्यानं लिंबूसत्त्वाच्या पुडीची नीट घडी घालून खिशात ठेवली. मग अंगणाकडे बघून म्हणाला, "गुलाबाला कळ्या लई आल्यात."

खरंच आल्यात. मी पाहिलं नव्हतं.

क्षार निघाले असतील. कॉफी पातळ.

२१ डिसेंबर

खतवाला टेप घेऊन आला होता. माडीवर जाऊन दोन्ही खोल्या मोजल्या. मार्कोसरांनी भिंतीवर लावलेला ताऱ्यांचा नकाशा बघून म्हणाला, हे काढावं लागेल, ओल धरतं. अजून संक्रांत आलेली नाही असं मी म्हणाले. तो म्हणाला, "ताई, मी कुठं पोती आनलीत? मापं घेतोय नुसती." अण्णा जिन्यात उभे होते.

संपत दुपारी येऊन परत मशीन घेऊन गेला, दुसरा वायसर टाकून बघतो म्हणाला. मी त्याला विचारलं, यानं नक्की होईल का. तो मशीन बांधत होता. वर न बघता म्हणाला, "मी माझ्याकडनं कमी पडनार नाय."

आज खरं काय ते लिहिते. मी दीड महिना एक वस्तू दुरुस्त करायचा प्रयत्न करते आहे आणि ती कशामुळे बिघडली तेच मला माहीत नाही. आत्याकडे पाढा चुकला की ती कुठे चुकला ते सांगायची नाही. पहिल्यापासून म्हण म्हणायची. मी रोज पहिल्यापासून करते आहे : निवडते, फिरवते, चाळते, दाबते. कुठेही कसूर नाही. जे नीट करूनही बिघडतं, ते कसं शोधायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

२३ डिसेंबर

मशीन आलं. पातळ.

२६ डिसेंबर

आत्या आली. भातं झोडून झाली म्हणून आठवडाभर राहील. घोडेगावहून दुपारच्या गाडीनं, तांदळाची पिशवी डोक्यावर घेऊन. मशीनभोवती एकदा फिरली आणि म्हणाली, "ह्याला चूल कुठं हाय?"

उद्या तेजस्विनीमॅडम येणार. खोल्या झाडल्या, चादरी बदलल्या, गुलाब आणून ठेवले. उरलेल्या सगळ्या बिया आजच फिरवून चाळून ठेवल्या. भारनियमनाचा भरवसा नाही, उद्या लाइट असेल तेवढ्यात नुसतं मशीन चालवायचं राहील. रवा ताटलीत झाकून स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भुकटी नेहमीच्या पितळी डब्यात. मॅडमना कॉफी देताना काय सांगायचं तेही ठरवलं आहे. मशीन बिघडलेलं आहे आणि दुरुस्तीचं चालू आहे, असं सरळ सांगायचं. त्या नाही म्हणाल्या तर नाही.

२७ डिसेंबर

जे घडलं ते क्रमानं लिहिते.

मॅडम सकाळी गाडीनं आल्या. खोल्या पाहिल्या, खिडकी उघडून पाहिली, न्हाणीघर पाहिलं. नकाशासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खाली येऊन बसल्या आणि म्हणाल्या, आता कॉफी.

मी आत गेले. ओट्यावरची ताटली धुऊन पालथी घातलेली होती.

आत्या मागच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. मी विचारलं, ताटलीतली कॉफी कुठे गेली. ती म्हणाली, "ती भरड व्हय? कोंबड्यांना टाकली. त्या बी तोंड लावंनात." बाहेर पाहिलं तर सगळा रवा मातीत पसरलेला आणि कोंबड्या त्याच्यापासून लांब उभ्या. मी काय बोलले ते आठवत नाही. आत्या म्हणाली, "अगं, चांगली बारीक पितळी डब्यात हाय की. मी काय वाया घालवली नाय."

बिया संपलेल्या. गिरणीला जायला वेळ नाही आणि दळायला काही नाही. बाहेर मॅडम अण्णांशी बोलत होत्या. मी पितळी डबा उघडला. पाहुण्याला टाकाऊ द्यायचं, हे माझ्या हातून कधी झालेलं नाही. पण कॉफी नाही म्हणून सांगितलं असतं, तर फोनवर बोलले ते अगदी खोटं ठरलं असतं.

वाटीत भुकटी भरली. दाबली तशी ती बसली, पेढ्यासारखी. बटण दाबलं. पंप गुरगुरला आणि काहीच आलं नाही. तुंबलं असं वाटून मी बंद करणार होते, तेवढ्यात एक थेंब पडला. मग दुसरा. मग काकवीसारखी काळपट तांबडी धार सुरू झाली, उंदराच्या शेपटीएवढी. कप भरायला वेळ लागला. वर बदामी साय आली. मी तशीच उभी होते. सरांचा डबा संपल्यापासून त्या मशीनमधून तो वास आला नव्हता.

कप बाहेर नेला. मॅडमनी उचलला, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मॅडम, थांबा. ही चाळणीखालची भुकटी आहे. मी ही गुलाबाला घालते. चांगली कॉफी चुकून कोंबड्यांना गेली." अण्णांनी डोळे मिटून घेतले.

मॅडम माझ्याकडे बघत प्यायल्या. एक घोट, मग दुसरा, मग सगळी. कप ठेवून म्हणाल्या, "गुलाबाला उद्यापासून दुसरं काहीतरी घाला." आणि आणखी एक कप मागितला.

दोन्ही खोल्या त्यांनी ठरवल्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळी येतील. गाडी गेल्यावर अण्णा जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, खतवाल्याला मी फोन करतो. मग म्हणाले, "कोंबड्यांचं सांगायची काय गरज व्हती?"

गरज होती. पण त्यांना ते सांगत बसले नाही.

२८ डिसेंबर

दोष कशात होता ते आता कळलं. पाणी जाड दाण्यांमधून नुसतं वाहून जातं. बारीक पावडर त्याला अडवते, म्हणून दाब धरला जातो. म्हणजे मशीन बिघडलेलंच नव्हतं. जे लागतं ते मी दीड महिना चाळून बाजूला काढत होते, आणि माहितीपुस्तकातले ठिपके पाण्याचे नव्हते.

पुण्याला फोन करून बारीक दळलेलीच पाठवायला सांगितली. आता आपल्या हातची नको.

दुपारी आत्याला म्हणाले, की मी तुझ्याच पद्धतीनं चाळत होते. तू खालचं पीठ टाकून द्यायचीस आणि वरचा रवा ठेवायचीस. आत्यानं सूप खाली ठेवलं.

"पीठ? पीठ मी कवा टाकलं?"

मी म्हणाले, बाजूला काढायचीस. मी बघितलंय.

"बाजूला काढायची. रवा तेवढा शिऱ्याला. पिठाच्या रातीच्या चपात्या व्हायच्या. तू शिरा खाऊन निजायचीस, तुला कुठनं दिसनार." मग सूप उचलून म्हणाली, "अर्धंच बघितलंस तू."

आत्या बोलली ते इतकंच. रागावून नाही.

३० डिसेंबर

आज मशीन आतून साफ करावं म्हणून उलटं केलं. चारही स्क्रूंवर माझे ठिपके जसेच्या तसे आहेत. एकही तुटलेला नाही. भिंगानं पाहिले. पुसून परत दिलेत म्हणावं, तर कोपऱ्यातल्या स्क्रूचा ठिपका देताना माझा हात हलला होता आणि शेपूट आलं होतं. ते शेपूटही आहे.

म्हणजे संपतनं मशीन कधी उघडलंच नाही. पहिला वायसर बदलला नाही, दुसराही नाही. दोन वेळा घेऊन गेला, पुसलं आणि परत आणलं.

माझ्या खोल्या जात होत्या, हे मी त्याला सांगितलं होतं. तरी तो खोटं बोलला. उद्या अण्णांना सांगावं लागेल. अण्णा पुन्हा त्याला दारात उभं करणार नाहीत आणि मोटरही दुसरीकडे टाकतील. ते बरोबरच होईल.

३१ डिसेंबर

अण्णांना सांगितलं नाही. ते ऊसतोडीच्या कामात होते.

३ जानेवारी २००४

अण्णांना अजूनही सांगितलेलं नाही. आज बेल्ह्याच्या बैलबाजाराचं काहीतरी आत्याशी बोलत होते, मधे बोलणं बरं दिसलं नाही.

दुपारी संपत आला. पांढरा शर्ट. अंगणातच थांबला, खोकला आणि म्हणाला, खोल्या राहिल्या असं कळलं. मी हो म्हणाले. मग सरळ विचारलं, मशीन तुम्ही उघडलं होतं का.

तो लगेच म्हणाला, "नाय."

मला वाटलं होतं तो हो म्हणेल. हो म्हणाल्यावर काय बोलायचं ते तयार होतं. नाही म्हणाल्यावर काय बोलायचं ते नव्हतं.

तो म्हणाला, "पंप पहिल्या दिशीच बरा व्हता, ते मी तवाच बोललो. आत काय नव्हतंच बिघडलेलं. परदेशी माल, खोललं आन् माझ्याकडनं काय तुटलं, तर मशीन जायचं, आन् मागनं कळलं, तुमच्या खोल्या बी माझ्यामुळं जायच्या. म्हनून हात लावला नाय."

मी म्हणाले, मग न्यायचात कशाला.

तो गुलाबाकडे बघत उभा राहिला. गुलाबावर आता बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही, तरी बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. वायंडिंगच्या तारेनं बोटांवर बारीक चिरा पडलेल्या, आणि नखं मात्र घासून घासून पांढरी केलेली. इतके दिवस मी ते पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णा शेतातून वर आले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "काय रे संपत, झालं का ते डबडं नीट?"

संपतनं तोंड उघडलं. तो सगळं सांगणार होता, हे मला दिसलं.

मी म्हणाले, "नाही अण्णा. अजून पातळच येते. न्यावं लागेल."

अण्णा म्हणाले, त्या बाईंना तर दोन कप पाजलेस. मी म्हणाले, त्या दिवशी जमली होती, आज परत तसंच. माझा आवाज नेहमीसारखा होता. मागच्या दारात आत्याच्या सुपाचा आवाज थांबला. सकाळीच मी तिला दुधात घालून कॉफी दिली होती आणि ती कप चाटत होती. थोड्या वेळानं सूप परत सुरू झालं.

अण्णा हातपाय धुवायला निघाले. जाता जाता म्हणाले, "ने बाबा. पावनं यायच्या आत आन मातर. आन् आनशील तवा जेवूनच जा."

मशीन आणायला मी आत गेले. ते ओट्यावर उलटं केलं, कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं आणि चारही ठिपके पुसून टाकले, कोपऱ्यातल्या शेपटासकट. मग गोणपाटात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

घडलं ते इथपर्यंत.